आजचा भाव

नाइमान शार्ग म्हणजे आठ पिवळे घोडे.
उलानबातरातल्या या बाजाराचं नाव.
घोडा इथे एकही नाही.
काचेच्या टपऱ्या आहेत, एकीला खेटून एक,
आणि माझ्या टपरीत विजेची शेगडी, नोटा मोजायचं मशीन,
मी, आणि भावाची पाटी.
आकडे मी सकाळी हाताने बदलते.
बोटं गारठलेली असतात, कधीमधी तीनचा आठ होतो.

दाम्दिन आला तेव्हा नोव्हेंबर संपत होता.
दाराशी बूट आपटून त्याने बर्फ झाडला,
डेलच्या कमरपट्ट्यातून पुडकं काढलं,
तीस लाख तुग्रिक, सुतळीने बांधलेले.
नोटांना मेंढ्यांचा वास येत होता.
माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या नोटांना येतो.
लेक आन्सानला आहे, म्हणाला,
मोटारींच्या दारांना रबर लावते.
तिकीट तिनेच पाठवलंय.
पण खिशात आपले पैसे हवेत ना?
लेकीच्या घरी पाहुणा जातो, मिंधा नाही.

मग विचारलं : एका मेंढीचे किती वॉन?

असा भाव पाटीवर नसतो.
मी गणित केलं. अडीच लाखांची मेंढी,
म्हणजे लाखभर वॉन,
म्हणजे पन्नास हजारांच्या दोन नोटा.
‘मग दोन-दोनच दे.’

दिल्या. काचेखालच्या फटीतून, जोडी-जोडीने.
तो प्रत्येक जोडीला नाव घेत गेला.
ही काळ्या कानाची.
ही तिची बहीण, पाणी प्यायला नेहमी शेवटी.
ही वादळात जन्मली, महिनाभर आमच्या अंथरुणात होती.
मागे रांग वाढली. कुणीतरी खाकरलं.
बारावीला नाव नव्हतं, तिला तो नुसताच ‘हं’ म्हणाला.
मग एक नोट उजेडाकडे धरली :
‘ही बाई कोण?’
कोणाची तरी आई असेल, मी म्हटलं.
त्याने ती सगळ्यात आत ठेवली.

जानेवारीत परत आला.
टोपी नवी, एक दात नवा.
‘पाच खर्च झाल्या,’ आल्या आल्याच सांगून टाकलं,
चोरी कबूल करावी तसं.
‘दात, टोपी, नातवाचे बूट, आणि एकदा सगळ्यांना जेवण.
अडीच मेंढ्या उडवल्या मी तिथे.
एकोणीस राहिल्यात. बदलून दे.’

मशीनने चोवीस दाखवल्या.

मशीन कधी कधी चुकतं. मी हाताने मोजल्या.
चोवीस.
त्याने मोजल्या, अंगठा थुंकीने ओला करून,
ओठ हलवत, कळप मोजतात तशा,
आणि शेवटी पुन्हा पहिल्या नोटेकडे पाहत राहिला.

मला दिसलं होतं ते मी सांगायला नको होतं.
पण आठ वर्षं नोटाच बघतेय.
एकोणीस मऊ पडल्या होत्या,
अंगाच्या उबेने, घडीवर पांढुरक्या.
पाच कोऱ्या करकरीत,
आणि त्यांचे नंबर एकापाठोपाठ एक.
‘कुणीतरी भर घातलीय,’ मी म्हटलं.

तो बराच वेळ बोलला नाही. शेगडी गुणगुणत होती.
‘निघायच्या रात्री डेलचं बटण शिवत बसली होती,’
म्हणाला मग. ‘बटण तुटलंच नव्हतं.’

त्याने एकोणीस माझ्याकडे सरकवल्या.
‘आजचा भाव काय?’
सांगितला. देताना एक असतो, घेताना दुसरा.
‘म्हणजे येताना मेंढी वाळते,’ तो म्हणाला,
‘लांबचा रस्ता आहे, वाळणारच.’
तुग्रिक मोजून घेतले, सुतळीने बांधले.
सुतळी तीच होती.

आणि या पाच?
बँकेतून तिला परत पाठवता येतात, मी म्हटलं.
‘ती पुन्हा कुठेतरी शिवेल.’

नवी टोपी काढली,
आतल्या लोकरीत पाचही नोटा आडव्या लावल्या,
आणि टोपी कानांपर्यंत ओढून घेतली.

रांगेतला पुढचा माणूस युआन मागत होता.
त्याला मी दोनदा किती म्हणून विचारलं.
बाहेर वारा सुटला होता.
दाम्दिन रस्ता ओलांडत होता,
एका हाताने टोपी धरून.